दीड फुटी खाऱ्या टाकीत काय ठेवता येईल, आणि त्याआधी काय करावं लागेल

प्रश्न पुण्याहून आलाय. ४५ × ३० × ३० सेंटिमीटरची काचेची टाकी घेऊन झाली आहे. तिच्यात क्लाउन माशांची जोडी, एक ब्लू टँग मासा, एक अॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, दगडाला धरून राहणारा मऊ जीव) आणि थोडे रंगीत प्रवाळ हवेत. दीड महिन्यावर मुलीचा वाढदिवस आहे, तोवर टाकी सजलेली असावी अशी इच्छा आहे. पुढच्या आठवड्यात गणपतीपुळ्याला जाणं आहे, तर येताना कॅनमधून समुद्राचं पाणी आणि थोडे दगड आणले तर खर्च वाचेल का, असंही विचारलंय.

मी ठाण्यात गेली चौदा वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतोय. त्यातल्या निम्म्याहून जास्त याच मापाच्या होत्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रवासाची तारीख जवळ आहे, तेव्हा दगडांपासून सुरुवात करतो.

दगड आणू नका. किनाऱ्यावर पडलेला पांढरा, भोकाभोकांचा दगड बऱ्याचदा प्रवाळाचा सांगाडा असतो. खडक तयार करणारे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंत असो वा मेलेला, उचलून घरी आणणं गुन्हा आहे. २०२० मध्ये मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी-हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती हलवायच्या होत्या, तर सरकारी कामालाही आधी रीतसर परवानगी काढावी लागली. समुद्री घोडे, गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखे आणि समुद्री काकड्यांनाही संरक्षण आहे. परदेशातून येणारे कठीण प्रवाळ सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या यादीतला जिवंत प्राणी घरात ठेवायचा तर सरकारदरबारी नोंदणी लागते. एवढं सगळं असताना दुकानदार ‘कोण बघतंय’ म्हणत कठीण प्रवाळ पुढे करेल. घेऊ नका. पहिल्या टाकीसाठी त्याची गरजही नाही, आणि आपल्याच किनाऱ्यावरून ओरबाडलेली वस्तू घरात शोभेला ठेवण्यात मला तरी काही आनंद वाटत नाही.

पाणीही आणू नका. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारेपणा खाडी, ओढे आणि पावसावर बदलत राहतो, त्यात गाळ आणि नको ते जीव असतात. शिवाय खरी अडचण नंतरची आहे. दर आठवड्याला पाणी बदलायचं, तेव्हा दर आठवड्याला गणपतीपुळ्याला कोण जाणार? रीफसाठीचं, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठीचं, मीठ विकत मिळतं. लिटरला साधारण ३८ ग्रॅम टाकलं की ३५ पीपीटी (हजारात पस्तीस भाग) खारेपणा येतो. तुमच्या टाकीत काठापर्यंत चाळीस लिटर मावतात, पण वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा केले की प्रत्यक्ष पाणी बत्तीसएक लिटर राहतं. म्हणजे सुरुवातीला सव्वा किलो मीठ आणि पुढे दर आठवड्याच्या चार लिटरला दीडशे ग्रॅम. हा खर्च जड नाही.

आता हा बत्तीसचा आकडा डोक्यात पक्का बसवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच चालतं. लोकांना वाटतं छोटी टाकी म्हणजे सोपी टाकी. गोड्या पाण्यातही ते फारसं खरं नाही, खाऱ्यात तर अजिबात नाही. तीनशे लिटरच्या टाकीत एक गोगलगाय मेली तर कळतही नाही, बत्तीस लिटरमध्ये दुसऱ्या दिवशी प्रवाळ मिटून बसतात. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे तर शाळेत मिठागराच्या धड्यात शिकलेलंच असतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये टाकीवर पंखा लावला तर रोज लिटरभर पाणी सहज उडतं. दोन दिवस भर घातली नाही की बत्तीसचे तीस लिटर होतात आणि ३५ चा खारेपणा ३७ च्या वर जातो. मग तुम्हाला आठवतं, तुम्ही दोन लिटर एकदम ओतता आणि तो धाडकन खाली येतो. प्रवाळांना ३४ चालतं, ३६ ही चालतं. रोजची ही वर-खाली चालत नाही.

म्हणून यादीत सगळ्यात वर ऑटो टॉप-अप लिहा. शेजारी पाच लिटरचा कॅन, त्यात गोडं पाणी, टाकीत पातळी बघणारा सेन्सर आणि एक छोटा पंप. कॅन मुद्दाम पाच लिटरचाच ठेवा. कधी सेन्सर अडकलाच तर आख्खा वीस लिटरचा कॅन टाकीत रिकामा व्हायला नको. सेन्सर नको असेल तर काचेवर मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत भरा. मी पहिली तीन वर्षं तेच केलं, पण त्या तीन वर्षांत एक रात्रसुद्धा बाहेर राहता आलं नाही.

हे भरायचं पाणी आरओ-डीआयचं हवं, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही रेझिनने काढलेलं, आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते, त्यामुळे मीटरवर तीस-पन्नास दिसतात. माणसाला ते चांगलं, टाकीला नाही, कारण पाणी उडत गेलं की त्यातलं जे काही असेल ते टाकीत साठत जातं. त्या आरओपुढे डीआय रेझिनचा एक डबा जोडून घेतला की काम होतं. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या. काटा हलणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर घेऊ नका, त्या काट्याला दोन बुडबुडे चिकटले की तो चुकीचं सांगतो.

तापमानाचं गणित पुणे आणि मुंबईत उलटं आहे. टाकी २५-२६ अंशांवर राहायला हवी. तिशीच्या वर काही दिवस गेले की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. तुमच्याकडचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून साध्या क्लिप-फॅनने पाणी तीन-चार अंश उतरतं. आमच्या ठाण्यात मे महिन्याच्या दमट हवेत तोच फॅन जेमतेम अंशभर उतरवतो, मला पाणी थंड करणारा चिलरच लावावा लागला. पण तुमची डिसेंबरची रात्र दहा अंशांवर जाते, तेव्हा पन्नास वॉटचा हीटर तुम्हाला लागणारच. हीटरच्या आतल्या थर्मोस्टॅटवर विसंबू नका. तो बिघडतो तेव्हा पुष्कळदा चालू अवस्थेत अडकतो, आणि एवढं पाणी शिजायला एक रात्र पुरते. बाहेरून वेगळा कंट्रोलर लावा.

टाकी भिंतीलगत, उन्हापासून दूर आणि स्वयंपाकघरापासूनही दूर ठेवा. सगळं मिळून पन्नास-साठ किलो वजन होईल, टीपॉयवर नको. घरात डास मारायचं लिक्विड किंवा कॉइल कुठे लागते ते बघा. त्यातली कीटकनाशकं कोळंबीसारख्या जिवांना फार थोड्या प्रमाणातही मारतात, कारण कीटक आणि कोळंबी एकाच मोठ्या कुळातले. टाकीच्या खोलीत जाळी लावून घ्या, झुरळांसाठी फवाऱ्याऐवजी जेल वापरा. गणपतीच्या दहा दिवसांत धूप-अगरबत्ती दुसऱ्या खोलीत. हात घालायच्या आधी साबण, क्रीम, अत्तर काहीही हाताला नको, नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत धुवा. आणि तांबं-पितळ टाकीच्या जवळपासही नको. औषध म्हणून तांबं घातलेली जुनी टाकी कोणी फुकट दिली तरी रीफसाठी घेऊ नका.

सामानाचं फार लांबवत नाही. चार-पाच किलो कोरडा, मानवनिर्मित रीफ-रॉक, दोन-तीन सेंटिमीटर बारीक अॅरागोनाइट वाळू, मागे लटकणारा एक फिल्टर, तासाला सहा-सातशे लिटर फिरवणारा छोटा पॉवरहेड आणि निळ्याकडे झुकणारा रीफ एलईडी. एवढ्या टाकीला फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर लागत नाही, दर आठवड्याचं पाणी बदलणं तेच काम करतं. दगड आधी थेट काचेवर टेकवून रचा, रीफच्या चिकटद्रव्याने जोडा आणि मग भोवती वाळू टाका. उलट क्रमाने केलं तर एखादा खणणारा जीव खालची वाळू काढतो आणि ढीग कोसळतो. वरती जाळीचं झाकण हवंच. क्लाउन आणि गोबी दोघेही उडी मारतात. काचेचं झाकण नको, उष्णता कोंडते.

वीज गेली की काय, हे आजच ठरवा. कोमट, खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. बॅटरीवर चालणारा एअरपंप कपाटात तयार असू दे, इन्व्हर्टर असेल तर पॉवरहेड त्यावर घ्या. दिवा आणि फिल्टर काही तास बंद राहिले तर चालतात, पाणी हलायचं थांबलं तर नाही.

आता थांबायचा भाग. पाणी, मीठ, दगड, वाळू झाली की दिवा बंद ठेवून सायकल सुरू करा, म्हणजे टाकीतली घाण पचवणारे जिवाणू वाढवा. बाटलीतले जिवाणू टाका आणि त्यांना खायला अमोनिया. बत्तीस लिटरला ०.२ ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) होतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्याचं नायट्रेट. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की सायकल झाली. याला तीन ते सहा आठवडे लागतात. मेलेली कोळंबी टाकून किंवा एखादा मासा ‘सोडून बघून’ सायकल करायची जुनी रीत आता सोडून द्या. पहिलीत घरभर वास सुटतो, दुसरीत त्या माशाचे कल्ले जळतात.

दिवा लावायला लागल्यावर काच आणि वाळू तपकिरी होईल. हे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. मग हिरवं शेवाळ येईल. बहुतेक जण इथे घाबरून बाटल्या ओततात आणि नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेतात. मग डायनोफ्लॅजेलेट येतात, बुडबुडे धरलेली तपकिरी शेंबडासारखी तार, आणि ती घालवायला महिने जातात. नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान असू द्या. ब्रशने दगड घासा, पाणी बदला, दिवा सात-आठ तासांवर ठेवा. मऊ प्रवाळांसाठी अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच या एककात मोजतात) ८-९, कॅल्शियम ४०० पीपीएमच्या वर. एवढे फ्रॅग, म्हणजे प्रवाळांचे कापून लावलेले तुकडे, नुसत्या पाणी बदलण्यावर वर्ष-दोन वर्षं मजेत राहतात, वेगळे डोस लागत नाहीत.

जिवांची तुमची यादी. ब्लू टँग नाही. तो मासा तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तुमच्या टाकीची लांबी पंचेचाळीस आहे. ‘मोठा झाला की बदलू’ असं ठरवून कोणी बदलत नाही, तो त्याआधीच मरतो. अॅनिमोन पहिलं वर्षभर नाही. तो एका जागी बसत नाही, जागा आवडली नाही तर रात्री चालत निघतो आणि पॉवरहेडमध्ये अडकतो, आणि बत्तीस लिटरमध्ये मेलेला अॅनिमोन म्हणजे सगळी टाकी गेली. क्लाउनला तो लागतच नाही. माझी जोडी सहा वर्षं फिल्टरच्या पाइपमागे झोपते.

क्लाउन घ्या, पण हॅचरीत जन्मलेले, ऑसेलारिस जातीचे. आपल्या देशात सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपमला क्लाउनच्या प्रजननाचं तंत्र बसवलं आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ते पाळले जातात, त्यामुळे समुद्रातून धरलेला मासा घ्यायचं कारण उरलेलं नाही. हॅचरीतला मासा पहिल्या दिवशी खायला लागतो. एक लहान, एक थोडा मोठा असे घ्या. क्लाउन सगळे नर म्हणूनच वाढतात आणि जोडीतला वरचढ मादी होतो, त्यामुळे नर-मादी निवडायची कटकट नाही. दुकानात ‘हा खातो का’ विचारू नका, समोर खायला घालायला लावा. घरी पिशवी वीस मिनिटं तरंगवा, मग दुकानातल्या पाण्याचा खारेपणा मोजा. तो पुष्कळदा कमी ठेवलेला असतो. कमीतून जास्तीत जायला माशाला वेळ लागतो, म्हणून शक्यतो वेगळ्या टबात दुकानाएवढ्याच खारेपणाने सुरुवात करून काही दिवसांत वर आणा आणि तोच त्याचा क्वारंटाइन समजा. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला तर ती टाकी ७६ दिवस माशांशिवाय ठेवावी लागते.

तुम्ही मला एकच निवड करायला सांगितलीत तर मी क्लाउनऐवजी यलो वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबीची जोडी सांगेन. या मापाच्या टाकीत दोन्ही जोड्या नकोत, एकच. आपल्या ठाण्याच्या खाडीत चिखलावर उड्या मारणारी निवटी असते ना, तिच्या नात्यातला हा मासा. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बिळ खणते, नांगीने वाळूचे ढीग बुलडोझरसारखे बाहेर ढकलते, आणि बाहेर येताना तिची एक मिशी गोबीच्या अंगावर टेकलेली असते. गोबी दारात राखण करतो. माझा हात काचेजवळ गेला की तो शेपटी थरथरवतो आणि कोळंबी उलट्या पावली आत. रात्री खोलीत शांतता असताना तिच्या नांगीचा ‘टक्’ असा आवाज काचेतून ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा काच तडकली असं वाटून मी उठून टॉर्च मारला होता.

प्रवाळांत झोअँथिड, मशरूम आणि लहानसा लेदर हे मऊ प्रकार. दुकानापेक्षा एखाद्या रीफवाल्याच्या टाकीत कापून वाढवलेले फ्रॅग मागा. तो माणूस फ्रॅगबरोबर दोन गोष्टी समजावूनही सांगतो. आणल्यावर प्रवाळांच्या डिपमध्ये, म्हणजे त्यांच्यावरचे नको ते जीव काढणाऱ्या द्रावणात, बुडवून घ्या आणि खालचा प्लग (फ्रॅग चिकटवलेली चकती) काढून टाका, एप्टेशिया नावाचा तणासारखा पसरणारा छोटा अॅनिमोन बहुधा त्याच्यावरूनच घरात येतो. पहिले दोन आठवडे फ्रॅग वाळूवर ठेवा, मग हळूहळू वर.

झोअँथिडबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, घरात मूल आहे. यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय फ्रॅग कापू नका, घासू नका. हाताला चीर असेल तर टाकीत हात घालू नका. आणि दगड स्वच्छ करायला कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका. त्या वाफेने आख्खं घर रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत.

खाणं थोडं द्या. दोन माशांना गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) चिमूटभर, आरओच्या पाण्यात वितळवून, वरचं पाणी फेकून. एका मे महिन्यात मी चार दिवस गावी गेलो आणि शेजाऱ्यांना पाकीट तसंच देऊन गेलो. त्यांनी प्रेमाने रोज भरपूर घातलं. परत येऊन दार उघडलं तेव्हा वासानेच कळलं. पाणी दुधासारखं झालं होतं, गोबी दगडामागे मरून पडला होता. चूक त्यांची नव्हती, प्रमाण सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून आठवड्याच्या गोळ्यांची कप्प्यांची डबी मिळते ना, तिच्यात एकेका दिवसाचं कोरडं खाणं भरून ठेवतो आणि बाकीचं कपाटात कुलूपबंद. दोन दिवसांसाठी जायचं असेल तर खाणं न दिलेलंच बरं.

आता वाढदिवस. दीड महिन्यात सगळं नीट झालं तर सायकल पूर्ण झालेली असेल, वाळू थोडी तपकिरी असेल आणि मासे अजून नसतील. क्लाउन आठव्या-नवव्या आठवड्यात येतील, दोघे एकत्र. त्या दिवसासाठी पाच-सहा सेरिथ आणि तीन-चार नासारियस गोगलगायी आणून ठेवा, जमलं तर एक झोअँथिडचा फ्रॅग. नासारियस दिवसभर वाळूत पुरलेल्या असतात, टाकी रिकामी वाटते. मुलीला काचेसमोर बसवा आणि मायसिसचा एकच तुकडा तिच्या हाताने टाकायला सांगा. मिनिटाभरात वाळूतून आधी बारीक सोंडा वर येतील, मग सगळ्या गोगलगायी उसळून वासाच्या दिशेने धावत सुटतील.